जुन्या मोटरबोटीची शाफ्ट-ग्लँड: दोरी बदलायची कशी

इंजिन आत आणि पंखा बाहेर, म्हणजे दोघांना जोडणारा शाफ्ट बोटीच्या तळातून आरपार जाणारच. ते भोक कायम पाण्याखाली असतं आणि त्यातून फिरता दांडा गेलेला असतो, त्यामुळे ते बुजवून टाकता येत नाही. शाफ्टला फिरू द्यायचं आणि पाणीही आवरायचं, हे काम ग्लँड करते. अलीकडच्या बोटींवर रबरी किंवा कार्बनचे तयार सील येतात. जुन्या बोटीत मात्र बहुधा कांस्याचा एक जाड नट सापडेल, त्याच्या आत शाफ्टभोवती चौकोनी दोरीच्या तीन-चार कड्या, आणि नट जागेवर धरणारा लॉकनट. दोरी झिजली की ती काढायची आणि नवी भरायची. रचना इतकी सरळ आहे की पहिल्यांदा हात घालणाऱ्यालाही जमते. पण बोट बुडू शकते असं हे काम आहे, तेव्हा घाई नको आणि क्रम मोडायचा नाही.

इथे सांगतोय ते आतल्या इंजिनाच्या, सरळ शाफ्टच्या बोटीबद्दल. आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन) किंवा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पण गिअर बोटीबाहेर) यांच्या गिअरकेसमधलं सील तेलात चालतं, त्याची रीत वेगळी.

आधी थेंब मोजा

दोरीची ग्लँड थोडी गळलीच पाहिजे. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडावेत आणि शाफ्ट थांबला की थेंबही थांबावेत. हेच पाणी दोरीला थंड ठेवतं आणि वंगणाचं काम करतं. नवा माणूस थेंब बघून घाबरतो आणि नट आवळून गळती पूर्ण बंद करतो. बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा, कोरडी दिसते, मनाला बरं वाटतं, आणि आत दोरी कोरडी होऊन तापायला लागते. तापली की तिचं मेण वितळून जातं, ती कडक होते आणि शाफ्टवर खाच पाडते. जुन्या बोटींत खराब झालेले जितके शाफ्ट दिसतात, त्यातल्या बऱ्याचशांचं मूळ या जादा आवळण्यातच असतं. या सगळ्या कामातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

थेंब किती म्हणजे जास्त, हे हिशेबाने बघा. साधारण २० थेंबांचं १ मिलिलिटर होतं. मिनिटाला ३ थेंब अखंड दिवसभर पडले तरी जेमतेम पाव लिटर पाणी होतं, आणि प्रत्यक्षात तर ते फक्त शाफ्ट फिरताना पडतात. सेकंदाला एक थेंब मात्र दिवसाला चार लिटरच्या वर जातो. बोट नुसती बांधून ठेवलेली असताना या वेगाने पाणी येत असेल आणि बिल्ज पंपाची बॅटरी उतरली, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

थेंब वाढले की लगेच दोरी बदलायची असंही नाही. आधी नट थोडासा आवळून बघा. आवळल्यावर थेंब आटोक्यात येत असतील आणि ग्लँड गरम होत नसेल, तर दोरीत अजून जीव आहे. नटाचे आटे संपत आलेत तरी पाणी थांबत नाही, किंवा थेंब कमी केले की ग्लँड तापते आणि सैल केली की धार लागते, असं झालं की दोरी संपली. बोट जुनी विकत घेतली असेल आणि दोरी कधी बदलली हे कुणालाच सांगता येत नसेल, तर मी तरी वाट न बघता बदलून टाकेन.

दोरी हे कारण आहे की लक्षण?

नवी दोरी घालूनही काही तासांत पुन्हा गळती सुरू झाली, तर दोष दोरीत नाही. म्हणून सामान आणण्याआधी चार जागा तपासा.

पहिली शाफ्टची. नट सैल करून इंजिनाकडे सरकवला की दोरी जिथे बसते तो शाफ्टचा भाग उघडा होतो. तो पुसून नखाने लांबीच्या दिशेने हलकेच घासा. नख अडकलं तर खाच आहे. बारीकशी रेघ बारीक एमरी कापडाने गुळगुळीत करता येते, कापड शाफ्टभोवती गोल फिरवून. खोल खाच असेल तर नवी दोरी तिथे टिकणार नाही. शाफ्ट थोडा पुढे-मागे सरकवून दोरीला नवी जागा देता येते का बघा, नाहीतर शाफ्टच बदला. स्टेनलेस शाफ्टवर खाचेऐवजी सुईने टोचल्यासारखे खड्डेही सापडतात. बोट फार दिवस न हलता उभी राहिली की दोरीखालचं पाणी साचून राहतं, त्यात प्राणवायू उरत नाही आणि स्टेनलेस तिथे कुरतडलं जातं. खड्डे खोल असतील तर तो शाफ्ट ताकदीच्या दृष्टीनेही भरवशाचा नाही.

दुसरी जागा रबरी होजची. बहुतेक जुन्या बोटींत ग्लँड स्टर्न ट्यूबला (शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिला) एका जाड होजने जोडलेली असते. सगळ्यांचं लक्ष थेंबांकडे असतं आणि होजकडे कुणी बघत नाही, खरं तर बोटीला जास्त धोका तिथूनच. थेंब वाढतात ते हळूहळू, होज फाटली की एकदम. बोटांनी दाबून बघा. भेगा, फुगवटा, तेलाने मऊ पडलेला भाग किंवा क्लिपखाली तुटलेलं रबर दिसलं तर ती बदलायचीच. दोन्ही टोकांना दोन-दोन होज क्लिपा हव्यात, स्क्रूसकट पूर्ण स्टेनलेसच्या, आणि त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. क्लिपेचा पट्टा चकचकीत आणि स्क्रू गंजलेला, असं फार वेळा दिसतं. चुंबक लावून बघा, साधा स्क्रू घट्ट चिकटतो.

तिसरी गोष्ट, बाहेरचं कटलेस बेअरिंग, म्हणजे पंख्याजवळ शाफ्टला आधार देणारं बेअरिंग. बोट पाण्याबाहेर असेल तेव्हा पंखा धरून शाफ्ट वर-खाली हलवा. ठळक खेळ लागला तर फिरताना शाफ्ट हेलकावे घेणार आणि दोरीचं भोक मोठं करत जाणार.

चौथी, इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का. जुन्या इंजिनाची रबरी माउंटं खचतात आणि रेषा बिघडते. कपलिंग म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या टोकांवरच्या, बोल्टांनी जोडलेल्या दोन चकत्या (फ्लँज). त्याचे बोल्ट काढून दोन्ही फ्लँजमध्ये फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून चारी बाजूंना फट मोजतात. फ्लँजच्या दर इंच व्यासाला एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नको, म्हणजे ४ इंची फ्लँजला ०.००४ इंच, सुमारे ०.१ मिलिमीटर. हे माप बोट पाण्यात असतानाच घ्या, तेही पाण्यात उतरवून एक-दोन दिवस झाल्यावर, कारण टेकूंवर ठेवलेल्या बोटीचा आकार किंचित बदललेला असतो.

दोरी कुठली आणि किती जाडीची

जाडी अंदाजाने घेऊ नका. नटाच्या आतला व्यास मोजा, त्यातून शाफ्टचा व्यास वजा करा आणि उत्तराचं अर्धं करा. शाफ्ट १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि नट आतून ३८ मिलिमीटर असेल तर फरक १२.६, अर्धा ६.३, म्हणजे १/४ इंची दोरी. निघालेल्या जुन्या दोरीवरून माप घेतलं तर फसाल, ती दाबून चपटी झालेली असते.

प्रकारांत मेण-चरबीत भिजवलेली अळशीच्या धाग्याची दोरी सगळ्यात जुनी, स्वस्त आणि क्षमाशील. तिच्यात टेफ्लॉन मुरवलेली दोरी थोडी कमी तापते आणि जास्त टिकते. पहिल्या वेळेला मी हीच सुचवेन. काळी ग्रॅफाइट दोरी कारखान्यातल्या पंपांवर छान चालते, पण खाऱ्या पाण्यात ती टाळा. ग्रॅफाइट आणि धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांची बॅटरी बनते आणि तिच्यात शाफ्ट खर्ची पडतो. दोन कड्यांच्या मध्ये भरायचा पुटीसारखा मऊ मसालाही मिळतो. त्याने थेंब जवळपास बंद होतात, पण तो वापरण्याआधी साध्या दोरीने शाफ्ट नीट चालतोय याची खात्री करून घ्या.

बाकी सामान थोडं आहे. नट आणि लॉकनटला बसतील असे दोन मोठे पाने, दोरी उपसायचा आकडा (लवचीक दांडीच्या टोकाला बूच काढायच्या स्क्रूसारखं वेटोळं असलेला), नवं ब्लेड, शाफ्टच्याच जाडीचा लाकडी दांडा किंवा पाइप, पाण्यात न धुपणारं ग्रीस, हातातली बॅटरी (टॉर्च) आणि छोटा आरसा.

पाण्यात की बाहेर?

सराईत माणसं बोट तरंगत असतानाच दोरी बदलतात. दोरी निघाली की पाणी आत येतं, पण शाफ्ट आणि ट्यूबमधली जागा अरुंद असल्यामुळे ते पंपाला आवरण्याजोगं असतं. तरी पहिल्या खेपेला बोट वर काढलेली असतानाच करा. पाणी आत येत असताना माणसाचा हात भरभर चालतो आणि कड्या वेड्यावाकड्या कापल्या जातात. होज बदलायची असेल तर बोट पाण्याबाहेरच हवी, तिथे तडजोड नाही.

पाण्यात करायचंच असेल तर बिल्ज पंप स्वतः चालवून बघा, दुसरा पंप हाताशी ठेवा, कड्या आधी कापून तयार ठेवा आणि सोबत एक माणूस घ्या. दोरी निघाल्यावर शाफ्ट आणि ट्यूबमधल्या फटीत ग्रीस लावलेलं फडकं गुंडाळून दाबलं की पाणी बरंच कमी होतं.

कुठेही करा, सुरुवातीला इंजिनाची चावी काढून खिशात ठेवा. पेट्रोल इंजिन असेल तर बिल्ज आधी हवेशीर करा, आणि पंख्यापाशी कुणी पाण्यात नाही ना, ते बघा.

जुनी दोरी काढणं

नट किती आट्यांवर बसलाय याचा फोटो काढा. आता एका पान्याने नट घट्ट धरा आणि दुसऱ्याने लॉकनट सोडवा. दोन्ही पाने एकाच वेळी लावणं महत्त्वाचं. एकाच पान्याने जोर केलात तर नट सुटायच्या आधी पूर्ण ग्लँड फिरते आणि होज पिळली जाते. जुनी होज तेवढ्यानेही फाटते. नट जाम असेल तर आट्यांवर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, होजवर सांडलेलं पुसा. ज्योत दाखवायचा मोह टाळा.

नट सुटला की तो शाफ्टवरून इंजिनाच्या बाजूला सरकवा. दोरी नटाच्या आतच अडकलेली असते. काही बोटींत नटाऐवजी दोन बोल्टांची पट्टी असते आणि दोरी मागच्या घरात बसलेली असते. तिथे पट्टी मागे घेऊन घरातून दोरी काढायची, बाकी रीत तीच.

आकडा दोरीत पिळून घुसवा आणि सरळ ओढा. पहिली कडी बहुधा अखंड येते, पुढच्या तुकड्या-तुकड्यांनी. आकड्याचं टोक शाफ्टवर घासू देऊ नका. सगळ्यात तळाची कडी वर्षानुवर्षांच्या दाबाने दगड झालेली असते आणि नटाच्या धातूसारखीच दिसते, म्हणून ती हमखास राहून जाते. बॅटरी आणि आरसा घेऊन तळ बघा. स्वच्छ धातूची कड गोल दिसली पाहिजे. किती कड्या निघाल्या ते मोजा, पण ती संख्या प्रमाण धरू नका. आधीच्याने जुन्या कडीवरच नव्या चढवल्या असतील.

नट आतून फडक्याने पुसून काढा आणि धातूचा रंग बघा. कांस्य पिवळसर-तपकिरी असतं. गुलाबी, ठिसूळ दिसू लागलेला नट म्हणजे तो कांस्याचा नसून पितळेचा आहे आणि त्यातलं जस्त निघून गेलंय. तो टाकून नवा कांस्याचा घ्या.

कड्या कापणं

सगळं यश इथे आहे, म्हणून इथे वेळ घाला. एकच लांब दोरी मळसूत्रासारखी गुंडाळून नटात कोंबायची सवय बऱ्याच जणांना असते. ती करू नका. पाणी त्या वेटोळ्याच्या वाटेनेच फिरत आत येतं. प्रत्येक कडी सुटी हवी.

दोरी लाकडी दांड्यावर ताणाशिवाय, पण फट न ठेवता, पाच-सहा वेढे शेजारी-शेजारी गुंडाळा. दोरीची चौकोनी बाजू पिळली जात नाही ना, ते बघा. मग सगळ्या वेढ्यांवरून ४५ अंशांत तिरपी रेघ आखा आणि नव्या ब्लेडने एका दमात कापा. एकसारख्या कड्या सुटतील. हे शाफ्टवरच केलंत तर ब्लेडची रेघ शाफ्टवर उमटते, म्हणून दांडा. टोकं विसकटत असतील तर कापायच्या जागी चिकटपट्टी लावा आणि कापून झाल्यावर काढून टाका. १ इंची शाफ्ट आणि १/४ इंची दोरी असेल तर कडीची लांबी १० सेंटिमीटरच्या आसपास येते. त्यात मोठी तफावत दिसली तर कुठेतरी चुकतंय.

पहिली कडी शाफ्टभोवती लावून बघा. दोन टोकं नेमकी भिडली पाहिजेत. टोकं एकमेकांवर चढली तर तिथे उंचवटा होऊन शाफ्ट तापेल, फट राहिली तर तिथून पाणी येईल. एक-दोन कड्या वाया गेल्या तरी चालेल, म्हणून दोरी गरजेपेक्षा दुप्पट आणावी.

भरणं

प्रत्येक कडीला ग्रीसचा पातळ हात द्या. कडी आडवी वळवून उघडा, शाफ्टवर चढवा आणि जोडाच्या जागेपासून सुरुवात करून आत ढकला. शाफ्टच्या जाडीचा प्लास्टिक पाइप उभा चिरला तर ढकलायला छान होतो. स्क्रू-ड्रायव्हरने दोरी टोचली जाते. एक कडी तळाला पूर्ण टेकल्यावरच दुसरी घाला. तिचा जोड पहिलीच्या जोडापासून १२० अंशांवर आणि तिसरीचा त्याहून पुढे १२० अंशांवर ठेवा. चौथी बसत असेल तर तिचा जोड पहिलीच्या रेषेत आला तरी हरकत नाही. शेवटच्या कडीनंतर नटाचे निदान दोन-तीन आटे मोकळे राहायला हवेत. पकड कमी वाटली तर एक कडी काढून टाका.

नट नुसत्या हाताने घट्ट करा, पाना नको. शाफ्ट हाताने फिरवून बघा. आधीइतकाच, किंवा किंचित जड फिरला पाहिजे. लॉकनट हलका टेकवून ठेवा.

होज बदलायची झाली तर

हे वेगळं आणि मोठं काम आहे. शाफ्ट कपलिंगमधून सोडवून मागे सरकवावा लागतो. कपलिंग अडकलं असेल तर दोन फ्लँजच्या मध्ये शाफ्टच्या टोकापेक्षा लहान व्यासाचा सॉकेट ठेवतात आणि लांब बोल्ट आळीपाळीने आवळत कपलिंग खेचून काढतात. हातोड्याचे घाव गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतात, ते नकोत. पंखा आणि सुकाणूमध्ये शाफ्ट मागे जायला जागा आहे का, आधी मोजा. होज खास ग्लँडसाठी बनवलेली, जाड, अनेक थरांची घ्या. तारेची होज नको, कारण कापलेल्या टोकातून तार गंजते. रेडिएटरची होज तर नकोच. परत जोडताना इंजिनाची रेषा नव्याने तपासावी लागते. हे सगळं पहिल्यांदा जाणत्या फिटरच्या सोबतीने केलेलं बरं.

पाण्यात उतरवल्यावर

बोट पाण्यात उतरताच, क्रेनचे पट्टे सुटायच्या आधी, ग्लँड बघा. थेंब पडतीलच, पडू द्या. कोरडी दोरी पाणी पिऊन फुगते. तासाभराने पुन्हा बघा आणि तेव्हाही भरभर पडत असतील तरच नट एक-अष्टमांश फेरा आवळा.

मग बोट धक्क्याला दुहेरी दोरांनी बांधून, इंजिन मंद ठेवून गिअर टाका. दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि थेंब मोजा. इंजिन बंद करून, शाफ्ट थांबल्यावर, ग्लँडवर हात ठेवा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर नट सैल करा आणि थंड होऊ द्या. थेंब जास्त असतील तर पुन्हा एक-अष्टमांश फेरा, पुन्हा दहा मिनिटं. मिनिटाला दोन-तीन थेंबांवर आलं की दोन पाने लावून लॉकनट पक्का करा. आणि पुन्हा एकदा मोजा, कारण लॉकनट आवळताना नट थोडा सरकतो. फिरत्या शाफ्टजवळ सैल बाही किंवा फडकं नेऊ नका.

पहिल्या काही तासांच्या चालीत दोरी बसते आणि थेंब वाढतात. तेव्हा एखादा बारीक फेरा लागतो. त्यानंतर दर फेरीला नुसती नजर टाकली तरी पुरतं. ग्लँडला ग्रीसचा कप असेल तर बोट बांधून ठेवण्याआधी त्याला एक पीळ द्या. बोट आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर मध्येमध्ये शाफ्ट हाताने फिरवत जा, दोरीखालचं साचलेलं पाणी बदलतं.

बिनथेंबाच्या सीलचं काय?

ओठाचं रबरी सील (रबराची पातळ कड शाफ्टला टेकून राहते ते) किंवा कार्बन आणि स्टेनलेसच्या दोन चकत्या एकमेकांवर घासणारं सील बसवलं की बिल्ज कोरडी राहते, हे खरं. पण रबरी ओठाला गुळगुळीत शाफ्ट लागतो, खाचेवर तो टिकत नाही. तो चढवताना शाफ्टच्या टोकावर आणि कपलिंगची चावी बसते त्या खाचेवर प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर ओठ कापला जातो. स्प्रिंगची बाजू पाण्याकडे ठेवा. चकतीच्या सीलमध्ये शाफ्टवरची चकती छोट्या, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंनी धरलेली असते. ते एकदा आवळून काढले की फेकून द्यायचे आणि नवे घालायचे. दोन्ही प्रकारांत बोट उतरवल्यावर आत अडकलेली हवा बाहेर काढावी लागते, नाहीतर सील कोरडं चालून जळतं. शिवाय दोरी कुरकुर करत महिनोन्‌महिने आधी कळवते, ही सीलं बिघडली की फारशी सूचना देत नाहीत. शाफ्ट, बेअरिंग आणि इंजिनाची रेषा तिन्ही चांगल्या असतील तर जरूर बसवा. तोवर जुन्या बोटीला दोरीच बरी.

काम झाल्यावर उरलेल्या दोरीच्या चार कड्या कापून बोटीतच ठेवा, सोबत दोन्ही पाने आणि स्टर्न ट्यूबच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी. शाफ्टचा व्यास, दोरीची जाडी, कड्यांची संख्या आणि बदलल्याची तारीख लिहून ती चिठ्ठी इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी नट उघडण्याआधीच योग्य दोरी हातात असेल.